कचेरीसाठी स्थळ पाहताना

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला पाय ठेवायला जागा नसते. देशभरातून बंजारा बांधव संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला येतात आणि एस.टी. थांब्यावर माणसांचा पूर लोटतो. यात्रा सरली की तोच थांबा ओस पडतो. अशाच एका ओसरल्या दिवशी, सकाळी सात वाजता, आम्ही तिथे वाशीमच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. शेजारी आमच्याच समाजातल्या एक बाई होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत मुलाची कागदपत्रे. मुलाला पुढच्या शिक्षणासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र हवे होते. "भाऊ, हा तिसरा खेटा हाय," त्या म्हणाल्या. "पयल्या खेपेले साहेब मिटिंगात होते, दुसऱ्या खेपेले एक कागद कमी निंघाला. तीन दिसाची मजुरी गेली, आन् गाडीभाडं वेगळंच."

आम्ही स्वतः कारकून. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून आयुष्याची वीस-बावीस वर्षे काढलेली. कागद कमी निघणे म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मनात प्रश्न आला तो कागदाचा नव्हता, जागेचा होता. ही कचेरी तिथे आहे, इथे नाही, हे कोणी ठरवले? कधी ठरवले? आणि ठरवताना या बाईंना कोणी विचारले होते का?

वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आपण सारे अकोल्याचे. पोहरादेवीच्या माणसाला अकोल्याचे काम करून यायचे म्हणजे पहाटे निघून रात्री परतणे, आणि काम अडले तर कुणा नातेवाइकाच्या घरी मुक्काम. नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल की वाशीम हे त्याच्याही आधी जिल्ह्याचे ठिकाण होते. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात बासीम नावाचा जिल्हा होता. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, बासीम जिल्हा मोडला, पुसद तालुका यवतमाळकडे गेला आणि वाशीम व मंगरूळ अकोल्याकडे. एका कागदावरची सही, आणि पुढची त्र्याण्णव वर्षे लोकांच्या पायाखालचे अंतर बदलून गेले. जिल्हा परत आला तेव्हा आपण फटाके वाजवले, ते योग्यच झाले. तरीही मानोरा तालुक्याच्या या टोकाला वाशीमपेक्षा दिग्रस जवळ, आणि दिग्रस पडते यवतमाळ जिल्ह्यात. बाजार एका जिल्ह्यात आणि साहेब दुसऱ्या जिल्ह्यात, असा आमचा संसार.

आपल्या भाषेत स्थळ या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे किती बरे आहे! मुलीसाठी स्थळ पाहायचे असते तेव्हा घरातली दहा माणसे बसतात. मुलाची नोकरी, घरची माणसे, व्यसन, शेती, अंतर, माहेरी यायला गाडी आहे की नाही, एकेका गोष्टीवर खल होतो. आजी म्हणते माणसे चांगली हवीत, बाप म्हणतो नोकरी हवी, आणि शहाण्या घरात मुलीलाही विचारतात. कचेरीसाठी स्थळ पाहताना मात्र पुष्कळदा दोन माणसे बसतात, आणि जिला तिथे नांदायचे आहे त्या जनतेला वरात निघाल्यावर कळते.

जगात मात्र या कामाच्या पद्धती निघाल्या आहेत आणि त्या काही फार अवघड नाहीत. आम्ही बी.कॉम.च्या हिशेबाने त्या समजून घेतल्या, तशाच वाचकांपुढे ठेवतो.

आधी आपल्या बाबासाहेबांचेच उदाहरण. १९५५ साली त्यांनी भाषावार राज्यांवर जे पुस्तक लिहिले त्यात एक सबंध प्रकरण भारताला दुसरी राजधानी हवी या विषयाला दिले आहे. नुसते मत देऊन ते थांबले नाहीत. दिल्लीपासून देशातली मोठी शहरे किती मैल आणि हैदराबादपासून किती मैल, याचा तक्ताच त्यांनी मांडला. दक्षिणेच्या माणसाला दिल्ली दूर पडते, तिथली थंडी सोसत नाही आणि आपण परक्या मुलखातून राज्य केले जात आहोत असे त्याला वाटते, हे त्यांनी लिहिले. मग संरक्षणाचा विचार केला. कलकत्ता का नको, मुंबई का नको, याची कारणे दिली आणि हैदराबाद, सिकंदराबाद व बोलारम मिळून दुसरी राजधानी करावी असे सुचवले. अंतर, हवामान, सुरक्षितता आणि माणसांचा मान असे चार निकष झाले. ही सूचना अमलात आली नाही. पण कसा विचार करावा याचा तो धडा आहे. आधी निकष, मग पर्याय, मग एकेका पर्यायाची छाननी, आणि सारे छापून लोकांपुढे.

हीच रीत वीस वर्षांनी नायजेरिया देशात दिसली. तिथली राजधानी लागोस हे समुद्रकाठचे, गर्दीने गुदमरलेले शहर. ऑगस्ट १९७५ मध्ये न्यायमूर्ती अकिनोला अगुडा यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली. तिने देश पालथा घातला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला. गंमत अशी की समितीने प्रत्येक निकषाला किती गुण, हे आधी ठरवून टाकले. शंभरातले २२ गुण जागा देशाच्या मध्यावर असण्याला, १२ आरोग्य आणि हवामानाला, जमिनीच्या उपलब्धतेला १०, पाण्याला १०, चहूकडून येण्याजाण्याच्या सोयीला ७. पुढे सुरक्षितता, बांधकामाचे साहित्य, विरळ वस्ती, वीज, पाण्याचा निचरा, माती, असे करत शेवटी वेगवेगळ्या जमातींच्या एकोप्याला ३. या तराजूत अबुजा ही जागा उतरली. फेब्रुवारी १९७६ मध्ये हुकूम निघाला आणि डिसेंबर १९९१ मध्ये राजधानी तिथे हलली.

या पद्धतीतला खरा लाभ आम्हांला असा वाटतो की भांडण निकालावर न होता गुणांवर होते. अमुक गावच का, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. पण पाण्याला दहाच गुण का, पंधरा का नाहीत, असे विचारता येते आणि समोरच्याला उत्तर द्यावे लागते. दोष सांगायचा तर तोही सांगतो. विरळ वस्ती म्हणजे रिकामी जागा नव्हे. अबुजाच्या त्या जमिनीवर ग्बाग्यी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि राजधानीसाठी त्यांच्यापैकी पुष्कळांना उठावे लागले. गुणपत्रिकेत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. रकाने ज्यांच्या हाती असतात ते निकाल लागण्याआधीच अर्धे जिंकलेले असतात, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

कोणत्या निकषाला किती गुण हेच ठरत नसेल तर काय करावे? थॉमस साटी हे मूळचे इराकमधल्या मोसुलचे गणिती पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांनी १९७० च्या दशकात एक युक्ती मांडली. दहा गोष्टी एकदम तोलू नका, दोन-दोन घ्या. पाणी महत्त्वाचे की रस्ता? पाणी, आणि ते दुप्पट. रस्ता महत्त्वाचा की जमिनीची किंमत? रस्ता, तिप्पट. मग पाणी हे किमतीच्या सहापटीच्या आसपास यायला हवे. तुम्ही जर पाणी आणि किंमत सारखीच म्हणालात, तर तुमच्या बोलण्यात मेळ नाही, पुन्हा विचार करा, असे हे गणितच सांगते. समितीतल्या प्रत्येकाने आपापले आकडे लिहायचे आणि मग ते एकत्र करायचे. हे साधन भारी आहे, पण माणूस लबाड असेल तर साधनही लबाडी करते. हवी ती जागा निघेपर्यंत आकडे फिरवणारे आम्ही पाहिले आहेत.

आता अंतराचे साधे गणित पाहू, कारण गरिबाला शेवटी तेच भोवते. समजा एका रस्त्यावर तीन गावे आहेत. पहिल्या गावापासून दुसरे सहा किलोमीटर आणि तिसरे सोळा किलोमीटर. वर्षाला पहिल्या गावातून ७०० माणसे कामाला येतात, दुसऱ्यातून ३०० आणि तिसऱ्यातून १५०. कचेरी पहिल्या गावात ठेवली तर साऱ्यांचे जाण्याचे अंतर मिळून ४,२०० किलोमीटर होते. दुसऱ्या गावात ठेवली तर ५,७०० होते. म्हणजे पहिले गाव बरे. पण पहिल्यात ठेवली तर तिसऱ्या गावच्या माणसाला सोळा किलोमीटर जावे लागते आणि दुसऱ्यात ठेवली तर दहाच. एकूण बेरीज एक सांगते आणि सर्वांत लांबचा माणूस दुसरेच सांगतो. तिसरे गाव जर तांडा असेल, तिथे गाडी दिवसातून एकदाच येत असेल आणि तिथली माणसे रोजमजुरीची असतील, तर त्यांचा एक किलोमीटर आणि मोटारसायकलवाल्याचा एक किलोमीटर सारखा धरायचा का? आम्ही तरी धरणार नाही. हे ठरवणे गणिताचे काम नव्हे. ते माणसांनी समोरासमोर बसून ठरवायचे असते.

बसून ठरवायचे म्हटले की मतदान आले. २०१७ साली युरोपात एक मोठे सरकारी कार्यालय हलवायचे होते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार म्हणून लंडनमधले युरोपीय औषध नियंत्रण कार्यालय, जवळजवळ ९०० कर्मचाऱ्यांचे, दुसरीकडे न्यायचे होते. १९ शहरांनी मागणी केली. निकष सहा ठरले. त्यांत कार्यालय वेळेवर सुरू होणे होते, येण्याजाण्याची सोय होती, तसेच कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शाळा आणि नवरा-बायकोच्या नोकरीची सोयही होती. हे वाचून आम्हां कारकुनाला भरून आले! आपल्याकडे कचेरी हलते तेव्हा शिपायाच्या पोरांच्या शाळेचा विषय टिपणीत कधी पाहिला नाही. पण कोणत्या निकषाला किती गुण हे मात्र त्यांनी ठरवले नाही. २० नोव्हेंबर २०१७ रोजी २७ देशांनी मते दिली. पहिल्या फेरीत प्रत्येक देशाने पहिल्या पसंतीला तीन, दुसऱ्या पसंतीला दोन आणि तिसरीला एक असे गुण द्यायचे होते. मिलान २५ गुणांनी पुढे, ॲम्स्टरडॅम आणि कोपनहेगन प्रत्येकी २०. दुसऱ्या फेरीत कोपनहेगन गळाले. तिसऱ्या फेरीत मिलान १३ आणि ॲम्स्टरडॅम १३. मग काय केले? चिठ्ठ्या टाकल्या! ॲम्स्टरडॅमची चिठ्ठी निघाली. एवढे शिकलेले देश आणि शेवट ईश्वरचिठ्ठीवर. पण आम्ही हसणार नाही. चिठ्ठी सर्वांच्या डोळ्यांदेखत काढली, आणि ती काढायचे आधी ठरलेले होते.

फेऱ्या घेण्यामागे कारण आहे. शंभर माणसांत ४० जण पहिल्या जागेला, ३५ दुसऱ्या जागेला आणि २५ तिसऱ्या जागेला मत देतात. एकाच फेरीत निकाल लावला तर पहिली जागा जिंकली. पण तिसऱ्या जागेच्या पंचवीस जणांना पहिलीपेक्षा दुसरी बरी वाटत असेल, तर दोघींच्या सामन्यात दुसरी ६० विरुद्ध ४० ने जिंकते. कॉन्डोर्से नावाच्या फ्रेंच विचारवंताने १७८५ मध्येच हे गणित मांडले होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने १९०८ साली राजधानीची जागा अशाच फेऱ्या घेऊन निवडली. शेवटच्या फेरीत यास-कॅनबेरा ३९ आणि डॅल्गेटी ३३.

आता एक घरचा अनुभव. नाव सांगत नाही, सांगण्याची गरज नाही. आम्ही ज्या कचेरीत होतो तिची इमारत पावसाळ्यात गळत असे आणि नवी जागा पाहण्यासाठी बैठक बोलावली गेली. टेबलावर तीन जागांचे नकाशे. इतिवृत्त लिहायला आम्ही. साहेब आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला बायपासची जागा बरी वाटते. तुमचं काय मत?" त्यापुढे कोणाला मत उरते! एकेकाने मान हलवली. आम्ही लिहिले, सर्वानुमते. वीस मिनिटांत चहासकट बैठक संपली. कचेरी बायपासला गेली. तिथे एस.टी. थांबत नव्हती. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या जुन्या इमारतीच्या ओट्यावर येऊन बसत आणि कोणीतरी सांगितले की ऑटो करून नव्या जागी येत. ऑटोला पैसे जायचे ते त्यांच्या महिन्याच्या पैशांतून. ते 'सर्वानुमते' आमच्या अक्षरात आहे, आणि त्या कागदाखाली आम्हांला आक्षेप नोंदवता आला असता. आम्ही नोंदवला नाही.

नेमक्या याच रोगावर अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेत १९५० च्या दशकात एक औषध निघाले. त्याला डेल्फी पद्धत म्हणतात. जाणकारांना एका खोलीत बसवायचेच नाही. प्रत्येकाकडून लेखी मत मागवायचे, नाव झाकून ठेवायचे. आलेल्या मतांचा गोषवारा सर्वांना पाठवायचा, आणि तो पाहून मत बदलावेसे वाटते का ते पुन्हा विचारायचे. दोन-तीन फेऱ्यांत मते जवळ येतात. साहेब कोणता आणि कारकून कोणता ते कागद सांगत नाही.

हे वाचून आपल्याला विनय पिटकाची आठवण व्हायला हवी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की भिक्खू संघाला बैठकीची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम माहीत होते. ते भाषण आपण जयंतीला ऐकतो. पण खुद्द नियम फार थोड्यांनी पाहिले आहेत. संघात मतभेद मिटला नाही की शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या, वाटून मत घेत. त्याचे तीन प्रकार होते: गुप्त, कानात सांगून आणि उघड. काड्या वाटणारा भिक्खू संघाने नेमायचा. तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांनी न वागणारा हवा, आणि कोणी काडी घेतली व कोणी घेतली नाही हे कळणारा हवा. निवडणूक अधिकाऱ्याची याहून चांगली पात्रता आजही कोणी लिहिलेली आम्ही वाचली नाही. त्यातला एक नियम मात्र आजच्या लोकशाहीला पटणार नाही, तेही सांगितले पाहिजे. अधर्माचा पक्ष जास्त भरला तर ते मत मोडून पुन्हा घ्यावे, अशी मुभा त्या अधिकाऱ्याला होती.

जागा निवडण्याचेही नियम होते. भिक्खूला स्वतःसाठी कुटी बांधायची तर आधी संघाने जाऊन जागा पाहायची. सर्वांना जाणे शक्य नसेल तर जाणते भिक्खू ठराव करून नेमायचे आणि त्यांनी पाहून यायचे. जागेवर जिवांना बाधा नको आणि भोवती फिरायला मोकळीक हवी. अनाथपिंडिकाने श्रावस्तीत तथागतांसाठी विहाराची जागा शोधली तेव्हा त्याने काय पाहिले? गावापासून फार दूर नको, फार जवळ नको, जाण्यायेण्याला सोपी हवी, ज्याला यायचे त्याला येता यावे, दिवसा गर्दी नको आणि रात्री गलबला नको. असे पाहून त्याने जेतवन निवडले. यातले तीन निकष आजच्या कोणत्याही कचेरीला जसेच्या तसे लागू होतात.

महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला वाद उभा राहिला. रेवत स्थविरांनी सुचवले की वाद जिथे उपजला तिथेच जाऊन तो मिटवावा. मोठ्या सभेत नुसता कल्लोळ होऊ लागला तेव्हा पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार असे आठ भिक्खू निवडले. दोन्ही बाजूंना सारखे वजन. त्या आठांनी आधी बसायची जागा ठरवली आणि शांत म्हणून वालिकाराम निवडला. आसने मांडायचे काम अजित नावाच्या भिक्खूला दिले. त्या अजिताचे नाव इतिहासात राहिले, याचे आम्हां कारकुनांना विशेष कौतुक.

आपल्या राज्यात काय झाले? १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेव्हा कुडाळ, सावंतवाडी, मालवण अशी नामवंत गावे असताना मुख्यालय महामार्गालगत ओरोसला नव्याने वसवले गेले, तीच आजची सिंधुदुर्गनगरी. कोणाचेच गाव नाही म्हणून सर्वांचे, ही तोड काही वाईट नव्हती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा जव्हारचाही दावा होता. जव्हार, मोखाड्याच्या डोंगरातल्या आदिवासींना समुद्राकडचे पालघर लांब पडते. पण रेल्वे पालघरला होती आणि मुख्यालयही तिथेच गेले. मराठवाड्यात दुसऱ्या महसूल आयुक्तालयासाठी २००९ साली नांदेडला पसंती मिळाली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. दक्षिण महाराष्ट्राच्या वकिलांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चार दशके मागणी लावून धरली, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच आले. त्याचे उद्‌घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली.

आंध्रात उलटे उदाहरण आहे. के. सी. शिवरामकृष्णन समितीने २०१४ मध्ये सांगितले की सारी कार्यालये एका ठिकाणी कोंबू नका, विजयवाडा-गुंटूरची सुपीक जमीन वाचवा. अहवालाची शाई वाळण्याआधी सरकारने त्याच टापूत राजधानी जाहीर केली. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने तीन राजधान्यांचा कायदा केला, मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अमरावतीच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२४ मध्ये सरकार बदलून गाडी पुन्हा अमरावतीला आली. ज्या अमरावतीत प्राचीन स्तूप आहे तिच्याच नावाने हा दहा वर्षांचा गोंधळ झाला. समिती नेमायची आणि ऐकायचे नाही, त्यापेक्षा न नेमलेली बरी. निदान तेवढा कागद वाचतो.

राजधानी आपल्या हातात नाही. पण आरोग्य उपकेंद्र आहे. सपाट भागात साधारण पाच हजार लोकसंख्येला एक आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजारांना एक असा त्याचा दंडक आहे. पोहरादेवीच्या वाटेवरच्या एका गावात उपकेंद्राची इमारत मोडकळीस आली आणि ते कुठे हलवावे असा प्रश्न निघाला. तीन जागा होत्या. ग्रामपंचायतीच्या शेजारची, एका मोठ्या शेतकऱ्याने बक्षीसपत्र करून देऊ केलेली आणि बुद्धवस्ती व तांडा यांच्या मधल्या गायरानातली. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे कायद्यात आहे. ती कागदावर नेहमीच होते. या वेळी ती खरोखर व्हावी म्हणून महिला मंडळाने आम्हांला बोलावले.

सुरुवातीला हात वर करून विचारले. बक्षीस जमिनीच्या बाजूने पटापट हात वर गेले. पण आम्ही पाहिले की काही बायकांचे हात वर जाताना डोळे खाली होते. निम्म्याअधिक बाया त्याच शेतकऱ्याच्या वावरात निंदायला जाणाऱ्या. तेव्हा आम्ही शलाकेची गोष्ट सांगितली. एक म्हातारी याडी म्हणाली, "काड्या कायले पायजे, दाणे हायेत ना!" सोयाबीन म्हणजे बक्षीस जमीन, हरभरा म्हणजे ग्रामपंचायत आणि तूर म्हणजे गायरान. पडद्याआड एक मडके ठेवले. प्रत्येकीने तिन्ही दाणे घेऊन आत जायचे, एक मडक्यात टाकायचा आणि उरलेले दोन दुसऱ्या मडक्यात, म्हणजे हातात काही राहायला नको. दाणे वाटायला शाळेतली एक मुलगी बसवली. तिला कोणाची भीती नव्हती आणि कोणाची मजुरीही नव्हती.

मोजणी सर्वांसमोर केली. तूर ५८, सोयाबीन ४१, हरभरा २२. निम्म्याहून जास्त कोणालाच नाही, म्हणून हरभरा बाजूला काढून दुसरी फेरी घेतली. तेवढ्यात एकजण चुलीवर भात ठेवून आली होती ती पळाली. उरलेल्या १२० जणींत तूर ७१ आणि सोयाबीन ४९. सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मग जमीन देणाऱ्या शेतकऱ्याच्या घरच्याच एक सूनबाई म्हणाल्या, "रात्री पोट दुखलं तर आमच्या वाड्याच्या फाटकातून कोण येईल हो? माझ्या मते तर गायरानच बरं." हे वाक्य हात वर करून कधीच बाहेर आले नसते.

दाण्यांच्या मताला कायद्याने अर्थ नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवले होते. पण पुढच्या आठवड्यात ग्रामसभा झाली तेव्हा गायरानाच्या ठरावाला हात वर गेले, आणि या वेळी डोळे खाली नव्हते. ठराव आम्ही लिहून दिला. तिन्ही जागांची अंतरे, तांड्यापासूनचे आणि बुद्धवस्तीपासूनचेही, पावलांनी मोजून खाली जोडली. पाण्याची सोय, पावसाळ्यात नाला अडतो की नाही, रात्री दिवा असतो की नाही, असे सहा रकाने पाडले आणि गुण बायकांनीच भरले. पाण्याला सर्वांत जास्त दिले. नाल्याबद्दल गायरानाला कमी गुण मिळाले, तेही तसेच राहू दिले. गायरान शासनाचे असल्याने कागद वरपर्यंत जावा लागतो. तो गेला आहे. पोच आमच्या खिशात आहे.

परवा त्याच थांब्यावर ती याडी भेटली. कागदाचे काय झाले म्हणून तिने विचारले. आम्ही म्हणालो, अजून उत्तर नाही. तिने पदराच्या गाठीतून तुरीचा एक दाणा काढून दाखवला. मडक्यात टाकायचा तो टाकलाच होता, हा वरचा घरचा. "दुसरी फेरी लागली तं असू दे म्हनून ठेवला," ती म्हणाली, आणि मानोऱ्याची गाडी आली म्हणून चढली.